एका निनावी रेडिओची दुरुस्ती



आम्हांला बोलण्याची सवय आहे ती कारखान्याच्या फाटकासमोर, पाळी सुटण्याच्या वेळी, आणि तेही दहा मिनिटे. येथे एक तास मिळाला आहे. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'रेडिओ' असे सांगितले. आकाशवाणीच्या धोरणावर आम्ही टीका करणार, असा त्यांचा समज झाला असावा. तसे काही नाही. एक जुना, व्हॉल्व्हचा, नाव-गाव नसलेला रेडिओ आम्ही चौघांनी मिळून बोलता केला. त्यासाठी माहिती कोठून मिळविली, सामान कोठून आणले, आणि वाटेत मूर्खपणा कोणता केला, एवढेच सांगावयाचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर असा एखादा सेट कापडात गुंडाळून ठेवलेला असेल, म्हणून हा विषय अगदीच परका वाटू नये.

२०१० साली आमच्या युनियनचे जुने कार्यालय रिकामे करावे लागले. कपाटामागे हा सेट निघाला. लाकडी पेटी, पुढे मळलेले कापड, काचेची डायल, चार बटणे. कंपनीची पट्टी जेथे असते तेथे फक्त स्क्रूची दोन भोके. डायलवर शहरांची नावेसुद्धा नाहीत, नुसते मीटरचे आकडे. सोबत एका पाकिटात पोस्टाचे लायसनचे पुस्तक होते. तरुण मंडळींना सांगितले पाहिजे की त्या काळी रेडिओ ऐकण्यासाठी पोस्टातून लायसन काढावे लागे आणि दरवर्षी पैसे भरून तिकिटे लावून घ्यावी लागत. ऐंशीच्या दशकात ती पद्धत गेली. आमच्या पुस्तकातले पहिले तिकीट १९५६ चे. बार्शीच्या गिरणीतील कामगारांनी वर्गणी काढून हा सेट घेतला होता आणि तेथील एक कार्यकर्ते पुण्यास आले तेव्हा तो त्यांच्याबरोबर आला, एवढे जुन्या सभासदांना ठाऊक होते. तो कोणत्या कंपनीचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या काळी सुटे भाग आणून सेट बांधणारे लहान लहान दुकानदार गावोगाव होते, आणि हा तसलाच एखादा असावा.

कार्यकारिणीत दोन तट पडले. एका गृहस्थांनी रिकाम्या पेटीचे दोन हजार रुपये देऊ केले होते. आतले यंत्र काढून टाकायचे, पेटीत नवा स्पीकर बसवायचा आणि दिवाणखान्यात शोभेला ठेवायचे, असा आजकाल एक धंदाच आहे. आमचे खजिनदार म्हणाले, "दोन हजारांत दोन पंखे येतील." त्यांचे चूक नव्हते. परंतु ज्या वस्तूसाठी गिरणीतल्या लोकांनी आण्या-आण्याची वर्गणी दिली, ती विकण्यापूर्वी निदान ती काय आहे हे तरी पाहावे, असे आम्ही म्हटले. सहा महिन्यांची मुदत मिळाली. सहा महिन्यांत वाजला नाही तर पंखे.

आम्ही चौघे म्हणजे एक वायरमन, एक लेथवर काम करणारे, एका रेडिओ कारखान्यात कॉइल गुंडाळण्याच्या खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई, आणि हा बोलणारा. या शास्त्रातले शिक्षण आमच्यापैकी एकाचेही नव्हते. आमचे इंग्रजी तर पगारपत्रके आणि औद्योगिक कलह कायदा वाचता वाचता झालेले.

आता मूर्खपणा. पाठीमागचा पुठ्ठा काढला तेव्हा चासीच्या कडेला पितळी होल्डरमध्ये घरात असतो तसला एक साधा बल्ब दिसला. तो गेलेला होता. आम्हांला वाटले, डायलवर उजेड पडावा म्हणून कोणी लावला असेल. कार्यालयात शंभर वॅटचा बल्ब होता, तो लावला आणि बटण दाबले. पाचही व्हॉल्व्ह लाल झाले, मग पिवळे, आणि आम्ही टाळी वाजविण्याच्या बेतात असताना एकदम सगळे विझले. दुसऱ्या दिवशी बाईंनी कुंचल्याने धूळ झाडली, तेव्हा होल्डरशेजारी लाकडावर पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ दिसली : '४० वॅट. दुसरा लावू नये.'

ती ओळ वाचून कोणी काही बोलले नाही. वायरमन तर दोन आठवडे आलेच नाहीत.

येथे थोडे यंत्राविषयी बोलले पाहिजे. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची निर्वात नळी. तिच्यात एक तार तापवावी लागते. पुष्कळ सेटांत त्यासाठी ट्रान्सफॉर्मर असतो. आमच्या सेटमध्ये तो नव्हता. हा ए.सी. आणि डी.सी. अशा दोन्ही विजेवर चालणारा सेट होता. त्या काळी काही शहरांत डी.सी. वीज होती आणि ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे असा सेट स्वस्तही पडे. यात पाचही व्हॉल्व्हच्या तारा एकामागून एक, साखळीसारख्या जोडलेल्या असतात. एकाने काम बंद केले की बाकीचे चौघेही बंद. आम्हां युनियनवाल्यांना ही रचना समजायला वेळ लागला नाही.

त्या साखळीला पुरून उरणारी वीज कोठे तरी जिरवावी लागते. त्यासाठी मुळात एक तारेचा रेझिस्टन्स असतो. आमच्या सेटमधला तो केव्हाच जळालेला असणार आणि कोणा कारागिराने त्याच्या जागी चाळीस वॅटचा बल्ब बसविला होता. आम्ही शंभरचा लावला, म्हणजे सोसेना इतका प्रवाह साखळीत सोडला, आणि सर्वांत अशक्त कडी तुटली.

कोणती कडी, हे कळण्यासाठी व्हॉल्व्हची नावे पाहिजेत. चारांवर अक्षरे पुसट होती, पाचव्यावर काहीच नव्हते. येथे बाईंनी एक युक्ती दाखविली. काचेवर तोंडाची वाफ सोडायची. वाफ विरत असताना पुसलेल्या अक्षरांचा ठसा क्षणभर उमटतो. अशा रीतीने, चष्मा पुसावा तसे एकेक व्हॉल्व्ह पुढे धरून, आम्ही पाच नावे मिळविली : यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१ आणि यूवाय ४१.

आणि येथून पुढे, श्रोतेहो, आम्हांला खरी गोडी लागली. कारण ही नावे म्हणजे नुसती नावे नाहीत. १९३४ च्या सुमारास युरोपातील कंपन्यांनी व्हॉल्व्हला नाव देण्याची एक पद्धत ठरविली. पहिले अक्षर तारेविषयी सांगते. 'यू' म्हणजे साखळीत जोडण्याचा, शंभर मिलिअँपिअरचा. पुढची अक्षरे काम सांगतात : 'एफ' म्हणजे लहान संदेश मोठा करणारा पेंटोड, 'एल' म्हणजे स्पीकरला जोर देणारा, 'वाय' म्हणजे ए.सी.चे डी.सी. करणारा, 'सीएच' म्हणजे एका काचेत दोन व्हॉल्व्ह, जे मिळून आलेली लहर ठरावीक लहरीत बदलतात. चाळिशीचा आकडा पायांची बैठक सांगतो. तेव्हा पाच नावे कळली की सेटचा नकाशा निम्मा कळला. हे पाच बंधू त्या काळच्या शेकडो सेटांत याच क्रमाने उभे असत. कंपनीचे नाव कळले नाही म्हणून आमचे फारसे अडले नाही.

व्हॉल्व्ह बनविणाऱ्या कंपन्या लहान पुस्तिका छापीत. तसली एक फाटकी पुस्तिका रविवारच्या जुन्या बाजारात वीस रुपयांना मिळाली. तीत प्रत्येक व्हॉल्व्हच्या तारेला किती व्होल्ट लागतात ते होते. चौदा, साडेबारा, चौदा, पंचेचाळीस आणि एकतीस. दशांश धरून बेरीज ११६.६. दोनशे तीस व्होल्टांतून ती वजा करा, उरतात ११३.४. प्रवाह अँपिअरचा दहावा भाग. म्हणजे सुमारे अकराशे तीस ओहमचा रेझिस्टन्स हवा आणि त्यात अकरा वॅटहून थोडी जास्त उष्णता होणार. हा हिशोब सातवीच्या मुलाला येईल. तो आधी केला असता तर यूवाय ४१ जळाला नसता. कारण जळालेली कडी तीच निघाली.

या सेटांविषयी एक धोक्याची सूचना येथेच देतो, कारण घरी जाऊन कोणी आजच पेटी उघडील. ज्यात ट्रान्सफॉर्मर नाही त्या सेटची लोखंडी चासी विजेच्या एका तारेला सरळ जोडलेली असते. पिन उलटी बसली की सगळी चासी जिवंत होते. बटणाचा प्लॅस्टिकचा मुखवटा निघालेला असेल तर आतल्या दांडीलासुद्धा झटका बसतो. आमच्या लेथवाल्या मित्राचा हात तीन दिवस दुखत होता. दोन वेटाळ्यांचा विलग ट्रान्सफॉर्मर मध्ये घातल्याशिवाय आम्ही नंतर त्या सेटला हात लावला नाही. आणि कोणताही जुना सेट प्रथम चालू करताना वायरमन वापरतात तो सिरीजचा दिवा मध्ये जोडावा.

आता सामानाची गोष्ट. कंडेन्सरचे दुःख नाही. जुने मेणकागदाचे कंडेन्सर सरसकट गळके झालेले असतात. ते बदलावेत, नवे कोठेही मिळतात. विशेषतः शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर येणारा कंडेन्सर तर विचार न करता बदलावा, कारण तो गळला की व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही घेऊन जातो. आमच्या सेटमध्ये त्याने ट्रान्सफॉर्मर नेलेलाच होता. रेझिस्टन्सवर आकड्यांऐवजी रंग होते, आणि तेही आजच्यासारखे पट्टे नव्हेत. बाईंनी सांगितले : आधी अंगाचा रंग, मग टोकाचा, मग ठिपक्याचा. अंग पिवळे, टोक जांभळे, ठिपका नारिंगी, म्हणजे सत्तेचाळीस हजार. हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. शेजारच्या बाकावरील मुलींचे काम बघता बघता पाठ झाले होते. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने नारळ आणि शाल दिली. तीस वर्षांत तुम्हांला काय काय येते, असे कोणी विचारले नाही.

जळालेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळत नव्हता. पुस्तिकेत यूएल ४१ ला तीन हजार ओहमचा भार सांगितला होता आणि स्पीकर तीन ओहमचा. भागाकार एक हजार, त्याचे वर्गमूळ सुमारे बत्तीस. म्हणजे एका बाजूस बत्तीस वेढे तर दुसऱ्या बाजूस एक. हे घेऊन आम्ही पंपाच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्या एका सभासदाकडे गेलो. त्याने वर्गमूळ बाजूला ठेवले, जुनी गुंडाळी यंत्रावर चढविली आणि उलट फिरवून वेढे मोजले. आमचे आणि त्याचे उत्तर जवळजवळ सारखे आले. त्याला आनंद झाला. आम्हांला जरा जास्तच झाला. मजुरी त्याने घेतली नाही, चहा घेतला.

राहिला यूवाय ४१. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर चार दुकाने पालथी घातली, चोरबाजारात एक दिवस काढला, पुण्यात तापकीर गल्ली झाली. व्हॉल्व्ह आजही काही देशांत बनतात, परंतु ते गाण्याच्या हौशी लोकांच्या ॲम्प्लिफायरचे. रेडिओचे हे लहान व्हॉल्व्ह कोणी बनवीत नाही. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह केले, तेही कधीच थांबले. एका दुकानदाराने सांगितले, "यूवायच्या जागी एक डायोड टाका, तारेच्या जागी तीनशे दहा ओहमचा रेझिस्टन्स टाका. साठ रुपयांत काम." त्याचा हिशोब बरोबर होता, एकतीस व्होल्ट भागिले दशांश एक. मुदत संपत आली होती आणि आम्ही तसे करणारही होतो.

परंतु एके दिवशी भिंतीला टेकवून ठेवलेला पाठीचा पुठ्ठा उलटा पडला. त्याच्या आतल्या अंगाला दुरुस्तीच्या दुकानाचे अर्धे फाटलेले लेबल होते. दुकानाचे नाव गेले होते. पेठ आणि 'बार्शी' शिल्लक होते. पाच महिने आम्ही त्या पुठ्ठ्याकडे पाठ करून बसलो होतो.

बार्शीस दुकान नव्हते. मेकॅनिक वारून बारा-तेरा वर्षे झाली होती. त्यांच्या पत्नी, वय पंचाहत्तरच्या पुढे, त्याच घरात राहत होत्या. आम्ही येण्याचे कारण सांगितले तेव्हा त्यांनी आम्हांला दारातच उभे केले.

"व्हॉल्व्ह घ्यायला आलात व्हय? मागं एक जण दोन पिशव्या भरून घेऊन गेला. पाचशे रुपये टेकवले. म्हणला, भंगार आहे काकू. पुढं कळलं, एकेक हजाराला विकला त्यानं."

"काकू, आम्हांला एकच हवा. गिरणीच्या लोकांचा रेडिओ आहे, तुमच्याकडेच दुरुस्त झालेला. आत चाळीस वॅटचा बल्ब आहे."

त्या थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसा."

माळ्यावरून दोन बिस्किटांचे डबे आले. दुसऱ्या डब्यात, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले, तीन यूवाय ४१ होते. आणि डब्यांच्या खाली सात वह्या. प्रत्येक पानावर एक सेट : तारीख, मालकाचे नाव, काय बिघडले, काय बदलले, पैसे, आणि जेथे कंपनीचा नकाशा मिळालेला नव्हता तेथे हाताने काढलेला नकाशा. आमचा सेट तिसऱ्या वहीत निघाला. १९६३. 'ड्रॉपर जळाला. नवीन नाही. ४० वॅट दिवा लावला.' शेजारी पाच व्हॉल्व्हची नावे आणि खाली आणखी एक आकडा : 'आय.एफ. ४७०.'

हा शेवटचा आकडा व्हॉल्व्ह सांगत नाहीत, आणि कोणतीही पुस्तिका सांगत नाही. असल्या रेडिओत येणारी प्रत्येक लहर आधी एका ठरावीक लहरीत बदलतात आणि मग ती मोठी करतात. ती ठरावीक लहर ४५५ किलोसायकलची, की ४६५ ची, की ४७० ची, हे सेट बांधणाराच ठरवितो. पुणे केंद्र ७९२ वर. आमच्या सेटला ते ऐकू यायचे तर आतल्या व्हॉल्व्हने १२६२ वर डोलले पाहिजे. कोणी तरी मधल्या काळात ते स्क्रू वाटेल तसे फिरवून ठेवले होते, आणि आम्ही ते ४५५ धरून जुळवायला निघालो होतो. तसे जुळविले असते तर केंद्रे लागली असती, पण डायलवरच्या आकड्यांशी त्यांचा मेळ बसला नसता, आणि दोष आम्ही डायलला दिला असता.

वह्या आम्ही मागितल्या. काकूंनी दिल्या नाहीत. "इथं बसून उतरून घ्या," म्हणाल्या. आमच्या बाई आणि लेथवाले मित्र तीन वेळा बार्शीस जाऊन बसले आणि सातही वह्यांची पाने उतरवून आणली. पुढे काकूंनी आपणहून मूळ वह्या कापडात बांधून दिल्या, पण ती वर्षभरानंतरची गोष्ट. व्हॉल्व्हचे पैसे त्यांनी घेतले : दीडशे रुपये. आम्ही जास्त देऊ केले तर रागावल्या.

मुदतीला चार दिवस राहिले असताना, २०११ च्या मार्च महिन्यात, सेट चालू झाला. बल्बच्या जागी आम्ही हजार आणि शंभर असे दोन तारेचे रेझिस्टन्स बसविले होते, हिशोबाप्रमाणे. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या आम्ही कार्यकारिणीला ऐकविल्या. डायलचा काटा ३७९ मीटरवर होता. तुम्ही तीन लाखाला ७९२ ने भागून पाहा. खजिनदार पहिल्यापासून शेवटपर्यंत उभे राहून ऐकत होते, मग त्यांनी विचारले, "आवाज जरा कमी होतो का?" पंख्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. पंखे पुढच्या वर्षी घेतले.

एप्रिलमध्ये आम्ही सेट बार्शीस नेला. तेथे त्या भिंतीच्या आड रात्रीच्या वेळी केंद्र ठीक लागत होते. काकूंनी गाणे ऐकले की नाही, सांगता येत नाही. त्या पाठीमागे गेल्या, चष्मा लावला आणि वाकून आत पाहिले.

"बल्ब कुठाय?"

आम्ही त्यांना समजावून सांगितले. रेझिस्टन्स मूळचाच प्रकार आहे, बल्ब ही तात्पुरती सोय होती, तो गेला की कोणी तरी पुन्हा चुकीचा लावील. आम्हीच लावला होता, हेही सांगितले.

"तात्पुरती कशी? त्रेसष्टपासून चालला की." मग पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यांचं अक्षर कुणाला लागायचं नाही. वहीत काय, पेटीत काय, सगळं मीच लिहायची. ते सांगायचे."

आमच्यात पुण्यास परत येईपर्यंत गाडीत वाद झाला. मूळ म्हणजे काय, १९५६ चे की १९६३ चे? लेथवाले म्हणत, कंपनीने केले ते मूळ. बाई म्हणाल्या, मग या सेटमध्ये मूळ असे काय राहिले, ट्रान्सफॉर्मर आपल्या वाइंडिंगवाल्याचा, कंडेन्सर परवाचे. आम्ही अध्यक्षस्थानी असल्यासारखे गप्प राहिलो. मतदान झाले आणि वायरमनच्या एका मताने बल्ब निवडून आला.

चाळीस वॅटचे साधे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत. आम्ही एक डझन घेऊन ठेवले आहेत आणि होल्डरशेजारची ओळ पुसू नये म्हणून तिच्यावर काच बसविली आहे. सेट आता आमच्या नव्या कार्यालयात आहे. येत्या रविवारी सकाळी कोणाला पाहावयाचा असेल तर यावे. बटण दाबल्यावर घाई करू नये. व्हॉल्व्ह थंड असतात, म्हणून आधी तो बल्ब चांगला झगझगीत पेटतो. मग व्हॉल्व्ह जसजसे तापतात तसतसा तो मंद होतो, आणि पुरता तांबूस झाला की खरखर सुरू होते.